गिटार प्रोसेसर इंटरफेसला जोडताना हम येतो? एका वेळी एकच वायर लावा

प्रोसेसर, इंटरफेस, लॅपटॉप, चार्जर, स्पीकर सगळं एकदम जोडायचं आणि 'घुंऽऽ' ऐकू आलं की नवी केबल आणायची. केबलने फरक पडला नाही की नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावायचा. गेटनेही भागलं नाही की इंटरफेस खराब निघाला म्हणून दुकानात परत न्यायचा. होम स्टुडिओ नव्याने उभा करणारे बहुतेक जण याच वाटेने जातात. यातली एकही वस्तू सहसा बिघडलेली नसते. पाच गोष्टी एकाच वेळी जोडल्यामुळे हम नेमका कोणत्या वायरीतून शिरतोय हे कळायला मार्ग उरत नाही.

म्हणून खालच्या पद्धतीत एक वायर लावायची, ऐकायचं, मीटर पाहायचा आणि मगच पुढची लावायची. पहिल्या वेळी तास-दीड तास जाईल, तो जाऊ द्या.

इथे गृहीत धरलेला संच असा आहे: बॉस जीटी-१ किंवा झूम जी१ फोर यांच्यासारखा पायाखालचा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर, फोकसराइट स्कारलेट २आय२ सारखा यूएसबीवरच चालणारा दोन इनपुटांचा इंटरफेस, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा, आणि लॅपटॉप. डेस्कटॉप असेल तर काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

आवाज कोणता आहे ते ओळखा

'हम' म्हणून सगळे जे सांगतात ते प्रत्यक्षात तीन निराळे आवाज असतात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिला गुळगुळीत, खालच्या पट्टीतला 'घुंऽऽ'. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हा आवाज ५० हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत असतो. हा बहुधा अर्थच्या लूपमधून येतो किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून.

दुसरा धारदार 'झर्रर्र'. यात १०० हर्ट्झ आणि त्यावरच्या पटी भरपूर असतात. पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, स्वस्त एलईडी दिवे, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर, अर्थिंग नसलेला चार्जर हे इथले नेहमीचे संशयित. गिटारवाल्यांसाठी एक खूण: सहाव्या तारेचा तिसरा पडदा, म्हणजे जी, ९८ हर्ट्झवर बोलतो. तो स्वर वाजवून धरा. पार्श्वभूमीतल्या आवाजाबरोबर त्याची सेकंदाला दोनेक हेलकाव्यांची लाट ऐकू आली, तर तुमच्याकडे १०० हर्ट्झ आहे.

तिसरा बारीक शिट्टीसारखा किंवा चिवचिवता. माउस हलवला, खिडकी स्क्रोल केली की तो बदलतो. हा कॉम्प्युटरमधून यूएसबीच्या वाटेने येतो. यूएसबीवर माहितीचे गठ्ठे दर १ मिलिसेकंदाला जातात, वेगवान जोडणीत दर १२५ मायक्रोसेकंदाला. म्हणून ही शिट्टी अनेकदा १,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या आसपास सापडते.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी ५० च्या जागी ६० आणि १०० च्या जागी १२० वाचावं. तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. उलट, तिकडच्या व्हिडिओत पाहून ६० हर्ट्झवर लावलेला फिल्टर पुण्या-नागपुरात काहीच करत नाही.

लूप म्हणजे काय ते एकदाच समजून घ्या. दोन उपकरणं आपापल्या वेगळ्या वाटेने अर्थला जोडलेली असतात आणि त्यांच्यामधल्या ऑडिओ केबलची जाळी या दोन वाटांना जोडते. असं एक बंद कडं तयार होतं. त्यातून अगदी थोडा प्रवाह फिरतो आणि तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. कडं कुठेतरी तोडायला हवं, पण सुरक्षेच्या अर्थिंगपाशी कधीच नाही.

तयारी

दोन मोनो गिटार केबल घ्या. प्रोसेसर ते इंटरफेस ही केबल ३ मीटरपेक्षा लांब नको. केबलच्या जॅकचं झाकण फिरवून आत पाहा. मधली एक बारीक वायर आणि तिच्याभोवती तांब्याची विणलेली किंवा गुंडाळलेली जाळी दिसली पाहिजे. जाळीच्या जागी दोन सारख्याच जाड वायरी दिसल्या तर ती स्पीकर केबल आहे. बाहेरून ती अगदी गिटार केबलसारखीच दिसते, पण आत आवरण नसल्याने खोलीतला सगळा विजेचा कचरा ओढून घेते. जाळीचं टोक जॅकला नीट डाख दिलेलं आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. एक-दोन धाग्यांवर लटकणारी जाळी हे हमचं फार सामान्य कारण आहे.

वायरचे हेडफोन लागतील. प्रोसेसर सेलवर चालत असेल तर चार चांगले डबल-ए सेल आणा. वर सांगितलेले दोन्ही प्रोसेसर चार सेलवर चालतात. निदानासाठी याच्याइतकं उपयोगी आणि स्वस्त काही नाही. प्रोसेसरचं मॅन्युअल मोबाइलवर उघडून ठेवा. भिंतीतलं सॉकेट तपासायचा तीन दिव्यांचा टेस्टर इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो, तोही घ्या. रेकॉर्डिंगसाठी रीपर, ऑडॅसिटी, जे वापरता ते चालेल.

डीआय बॉक्स, आयसोलेटर, महागडी केबल यातलं काहीही आत्ता विकत घेऊ नका. त्यांची गरज आहे का, हे टप्पा ५ सांगेल.

टप्पा १: भिंतीतली वीज

१. टेस्टर सॉकेटमध्ये घाला. अर्थ नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत असं दिसलं तर इथेच थांबून वायरमनला बोलवा. जुन्या चाळींत, वाड्यांत आणि बऱ्याच भाड्याच्या खोल्यांत तीन पिनी सॉकेट दिसतं खरं, पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते. अशा खोलीत पुढचे कुठलेही उपाय अर्धेच लागू पडतात.

२. लॅपटॉपचा चार्जर, प्रोसेसरचा अॅडाप्टर, स्पीकर हे सगळं एकाच सॉकेटवरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. एक वस्तू या भिंतीवर आणि दुसरी समोरच्या भिंतीवर असली की अर्थच्या दोन वाटा लांब होतात आणि कडं मोठं होतं. या वस्तूंचा भार अगदी कमी असतो, एक बोर्ड सहज पेलतो. बोर्डवर इस्त्री, फ्रिज, कूलर मात्र नको.

३. बोर्डच्या स्वतःच्या वायरला तीन पिनी प्लग आहे ना, ते पाहा. वर तीन भोकांची सॉकेटं आणि वायरला दोन पिनांचा प्लग असे बोर्ड बाजारात सर्रास मिळतात. त्यात अर्थ कुठेच जात नाही.

४. पंख्याचा रेग्युलेटर बंद करा किंवा पंखा पूर्ण वेगावर ठेवा. डिमरचे दिवे बंद करा. वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालतं आणि तो स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्या वेळात रेकॉर्डिंग लॅपटॉपची बॅटरी आणि प्रोसेसरचे सेल यांवरच करा.

*सावधान: हम जातो म्हणून प्लगची मोठी पिन कापणं, अर्थची वायर काढणं, तीन पिनी प्लगला दोन पिनी कन्व्हर्टर लावणं, यातलं काहीही करू नका. हम खरोखर जातो, आणि म्हणूनच हा सल्ला पसरतो. पण गिटारच्या तारा जाळीमार्फत प्रोसेसरला, इंटरफेसला आणि तिथून प्रत्येक उपकरणाच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. एखाद्या स्पीकरमध्ये फेज पत्र्याला लागला आणि अर्थ कापलेला असला, तर २३० व्होल्ट तुमच्या बोटांपर्यंत येतात.*

टप्पा २: प्रोसेसरचा पुरवठा

मूळ अॅडाप्टर असेल तर तोच वापरा. हरवला असेल तर तीन गोष्टी जुळवा: व्होल्टेज, पिनची पोलॅरिटी आणि मिलिअॅम्पियर. बहुतेक प्रोसेसर ९ व्होल्टचे आणि मध्ये ऋण असलेल्या पिनचे असतात, तर वायफाय राउटरचे किंवा इतर घरगुती अॅडाप्टर बहुधा मध्ये धन असतात. पिन बसते म्हणून लावू नका, अॅडाप्टरवरचं छोटं चित्र पाहा. मिलिअॅम्पियर लागतात त्याहून जास्त असले तर हरकत नाही, कमी असले तर घरघर येते आणि युनिट मध्येच बंदही पडतं.

एकाच अॅडाप्टरवरून शेपटी (एकातून अनेक पिना काढणारी वायर) काढून प्रोसेसर आणि बाकीचे पेडल चालवत असाल, तर आत्ता फक्त प्रोसेसर ठेवा. बाकीचे पेडल सगळ्यात शेवटी. डिजिटल आणि अॅनालॉग पेडल एकाच शेपटीवर असले की डिजिटलची शिट्टी दुसऱ्यात उतरते.

टप्पा ३: योग्य सॉकेट, योग्य केबल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या हमसारख्या दिसत नाहीत म्हणून सापडतही नाहीत.

१. इंटरफेसवरचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकला दिला जाणारा पुरवठा, बंद करा.

२. इंटरफेसचा 'इन्स्ट' स्विच बंद करा, म्हणजे इनपुट लाइनवर येईल. गिटारचं काम करायचं म्हणून इन्स्ट चालू ठेवायचा, असं जवळपास सगळ्यांना वाटतं. तो स्विच थेट गिटारसाठी आहे, कारण पिकअपला फार मोठा इम्पिडन्स लागतो. प्रोसेसरमधून बाहेर पडलेला सिग्नल मजबूत असतो, त्याला त्याची गरज नाही. शिवाय इन्स्ट इनपुट साधारणपणे अनबॅलन्स्ड असतं, म्हणजे एक वायर आणि जाळी एवढ्यावरच चालतं, त्यामुळे जाळीतून आलेला हम ते जसाच्या तसा आत घेतं. लाइन इनपुट सहसा बॅलन्स्ड असतं, म्हणजे दोन वायरींमधला फरक घेतं, आणि पुढे हम कापायला त्याचा उपयोग करून घेता येतो.

३. प्रोसेसरच्या 'एल/मोनो' आउटपुटमधून एकच केबल इंटरफेसच्या पहिल्या इनपुटला लावायची. स्टिरिओची दुसरी केबल आत्ता नको. जॅकच लावा, जॅक ते एक्सएलआर (माइकचा गोल तीन पिनी प्लग) केबल करून माइकच्या इनपुटमध्ये घुसवू नका, तो प्रीअॅम्प माइकच्या बारीक सिग्नलसाठी आहे.

४. हेडफोनच्या सॉकेटमधून स्टिरिओ केबल काढून ती इंटरफेसच्या लाइन इनपुटला लावली आहे का, ते तपासा. केबलच्या जॅकवर दोन काळे पट्टे असतील तर ती स्टिरिओ. बॅलन्स्ड इनपुट टोक आणि मधली कडी यांच्यातला फरक तेवढा घेतं. हेडफोनमध्ये त्या दोन जागांवर डावा आणि उजवा आवाज असतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, म्हणजे मूळ गिटार, एकमेकांत वजा होऊन जातं आणि फक्त रिव्हर्ब-डिलेची पोकळ शेपटी उरते. मग माणूस गेन (इनपुटचा सिग्नल वाढवणारी कळ) वाढवत जातो आणि गेनबरोबर हम. गिटार दूर विहिरीत वाजल्यासारखी आणि हम मात्र जोरात, असं असेल तर केबल हीच चूक आहे.

काही लहान प्रोसेसरमध्ये लाइन आणि हेडफोन यांना मिळून एकच सॉकेट असतं. तिथे मोनो केबल लावलेली चालते का, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. नुसत्या हेडफोनसाठी असलेल्या सॉकेटमध्ये मोनो जॅक घालू नका, उजवा चॅनल जमिनीला शॉर्ट होतो.

५. ऑडिओ केबल पॉवरच्या वायरींबरोबर बांधून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. इंटरफेस चार्जरच्या विटेवर, यूपीएसवर किंवा स्पीकरच्या मागच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवू नका. हातभर अंतरानेही बराच फरक पडतो.

टप्पा ४: प्रोसेसरच्या आतली सेटिंग

आउटपुट कशाला जोडलं आहे, हे प्रोसेसरला सांगावं लागतं. बॉस जीटी-१ मध्ये मेन्यूतल्या आउटपुटमध्ये 'लाइन/फोन्स' निवडायचं. लाइन सिक्सच्या एचएक्स स्टॉम्पमध्ये ग्लोबल सेटिंगमध्ये आउटपुट 'इन्स्ट्रुमेंट'वरून 'लाइन' करता येतं. इतरांत नाव वेगळं असेल, पण शोधायचं तेच. चुकून अॅम्पवर राहिलं तर वरच्या पट्टीचा आवाज कर्कश लागतो आणि हिसही जास्त ऐकू येते.

यानंतर एक रिकामा पॅच (इफेक्टची साठवलेली जुळणी) बनवा. डिस्टॉर्शन, कॉम्प्रेसर, नॉइज गेट सगळं बंद, फक्त स्वच्छ आवाज. तपासणी याच पॅचवर करायची. हाय-गेन पॅचमध्ये गिटारचा जराही आवाज शेकडो पटींनी वाढतो आणि केबलचा दोष कुठला, पिकअपचा कुठला हे कळेनासं होतं. गेट तर दोष झाकूनच टाकतो.

प्रोसेसरचा मास्टर व्हॉल्यूम पाऊण भरून ठेवा.

टप्पा ५: एकेक वायर, आणि प्रत्येकीनंतर दहा सेकंद

हाच या सगळ्याचा गाभा आहे. प्रत्येक पायरीनंतर दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. इनपुट मीटर किती वर थांबतोय ते कागदावर लिहा. इंटरफेसचा गेन मधल्या जागी ठेवा आणि पूर्ण टप्प्यात त्याला हात लावू नका, नाहीतर आकड्यांची तुलना करता येणार नाही.

ऐकताना एक भेद सतत लक्षात ठेवा: हम मीटरवर दिसतोय की फक्त कानाला ऐकू येतोय? मीटर खाली आणि स्पीकर घुमतोय असं असेल, तर प्रोसेसर, गिटार, इनपुटची केबल सगळे निर्दोष आहेत. बिघाड इंटरफेसच्या पुढच्या बाजूला आहे. अनेक जण प्रोसेसरला महिनोन्महिने दोष देतात आणि हम स्पीकरच्या वायरीतून येत असतो.

१. चार्जर काढलेला लॅपटॉप, इंटरफेस, हेडफोन. दुसरं काहीही नाही. इथेच शिट्टी आली तर यूएसबी पोर्ट बदला, हब काढा, दुसरी आखूड यूएसबी केबल लावून पाहा.

डेस्कटॉपला बॅटरी नसते आणि तो तीन पिनी प्लगमधून कायम अर्थला जोडलेला असतो. तिथे तुमची चाचणी उलट बाजूने होईल: पुढच्या पायऱ्यांत प्रोसेसर सेलवर चालवायचा.

२. प्रोसेसर सेलवर, केबल इंटरफेसला, गिटार लावलेली नाही. आता हम आला तर केबल बदलून पाहा. केबल हलवल्यावर आवाज बदलत असेल तर तीच.

३. प्रोसेसर अॅडाप्टरवर. सेलवर शांत आणि अॅडाप्टरवर घरघर असेल तर दोष पुरवठ्यात आहे. दुसरं सॉकेट, दुसरा योग्य अॅडाप्टर लावा. सेल लागत नाहीत अशा प्रोसेसरसाठी दोन आणि तीन एकच पायरी होते.

४. गिटार लावा, व्हॉल्यूमची कळ शून्यावर. आवाज वाढला तर गिटारची केबल किंवा गिटारच्या आतलं वायरिंग.

५. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. इथे सिंगल कॉइल पिकअप थोडा हम देतातच. तो वेगळा विषय आहे, टप्पा ७ मध्ये पाहू.

६. लॅपटॉपचा चार्जर लावा.

७. स्पीकर जोडा. लावण्याआधी त्यांचा आवाज शून्यावर ठेवा.

८. प्रोसेसरची यूएसबी, एडिटर सॉफ्टवेअरसाठी वापरत असाल तरच.

ज्या पायरीला आवाज आला ती वायर परत काढा. आवाज गेला की परत लावा. दोनदा तसंच झालं म्हणजे वाट सापडली. या यादीत पुढे जाण्याची घाई करू नका. सहाव्या पायरीचा हम तसाच ठेवून सातवी लावली की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

टप्पा ६: कडं कुठे तोडायचं

*टप्पा ५ च्या सहाव्या पायरीला हम आला तर.* चार्जर दोन पिनी आहे की तीन पिनी, ते पाहा. दोन पिनी असेल, तर लॅपटॉपच्या धातूच्या पृष्ठभागावर बोटांची मागची बाजू अगदी हलकी फिरवा. गुळगुळीत पत्रा मखमलीसारखा खरखरीत, किंचित झिणझिणता लागेल. चार्जरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटरमधून येणारा हा अगदी थोडा प्रवाह आहे, आणि तोच केबलच्या जाळीतून वाट काढतो. त्याबरोबरच तारांना हात लावल्यावर आवाज खूप कमी होत असेल तर तुमच्या पूर्ण संचाला कुठेच अर्थ नसण्याची शक्यता आहे. त्याच चार्जरला अर्थवाली तीन पिनी वायर मिळत असेल तर ती लावा.

चार्जर तीन पिनी असूनही 'घुंऽऽ' आला तर लूप आहे. सगळं एकाच बोर्डवर आहे का ते पुन्हा पाहा, आणि प्रोसेसर आणखी कशाला जोडलाय का, हेही. दुसऱ्या आउटपुटमधून गिटार अॅम्पला वायर गेली असेल तर तो अॅम्प स्वतःच्या प्लगमधून अर्थला जातो आणि कडं पूर्ण करतो.

*सातव्या पायरीला आला तर.* इंटरफेस ते स्पीकर या केबल बदला. मोनो जॅक किंवा आरसीएच्या जागी दोन्ही टोकांना तीन संपर्क असलेल्या बॅलन्स्ड केबल लावा, म्हणजे स्टिरिओ जॅक ते स्टिरिओ जॅक किंवा स्टिरिओ जॅक ते एक्सएलआर. इंटरफेसचं आउटपुट आणि स्पीकरचं इनपुट दोन्ही बॅलन्स्ड असायला हवेत. मागे छापलेलं असतं. स्पीकरला फक्त आरसीए असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा लाइन आयसोलेटर लावावा लागेल.

*आठव्या पायरीला आला तर.* ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा. प्रोसेसर ऑडिओ केबलने इंटरफेसला जोडलेला, इंटरफेस यूएसबीने लॅपटॉपला, आणि प्रोसेसरही यूएसबीने त्याच लॅपटॉपला. तीन वायरींचं कडं तुम्ही स्वतःच जोडलंत. पॅच एडिट करून झाले की यूएसबी काढा आणि मग रेकॉर्ड करा. मध्ये लावायचे स्वस्त यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण त्यातले बरेच १२ मेगाबिटपुरतेच चालतात. ४८० मेगाबिटवर चालणाऱ्या इंटरफेसला किंवा प्रोसेसरला ते पुरत नाहीत.

वायर काढून चालणारच नसेल तेव्हाच आता पैसे खर्च करा. दोन पर्याय आहेत.

पहिला, खास केबल. दोन वायरी आणि जाळी असलेली माइकची केबल घ्या. प्रोसेसरकडे मोनो जॅक: एक वायर टोकाला, दुसरी बाहीला (जॅकच्या मागच्या लांब भागाला), जाळी मोकळी कापून टेप लावलेली. इंटरफेसकडे स्टिरिओ जॅक: पहिली वायर टोकाला, दुसरी मधल्या कडीला, जाळी बाहीला. जाळी एकाच बाजूला जोडल्यामुळे कडं तुटतं, आणि दोन्ही वायरींत सारखा आलेला हम बॅलन्स्ड इनपुट वजा करतं. इन्स्ट स्विच बंद असेल तरच हे चालतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटे जॅक आणि केबल मिळते, डाख देता येत असेल तर घरी होतं. प्रोसेसर फक्त सेलवर चालवताना मात्र साधी केबलच वापरा. तेव्हा कडं नसतंच, आणि मोकळ्या जाळीने उलट झर्रर्र येऊ शकतो.

दुसरा, ट्रान्सफॉर्मर. लाइन लेव्हलचा एकास-एक आयसोलेटर प्रोसेसर आणि इंटरफेसच्या मध्ये. त्याऐवजी पॅसिव्ह डीआय बॉक्स (सिग्नल माइक इनपुटजोगा करणारा ट्रान्सफॉर्मरचा डबा) वापरलात तर ग्राउंड लिफ्टचा स्विच चालू करा आणि त्याची एक्सएलआर इंटरफेसच्या माइक इनपुटला लावा, कारण डीआय सिग्नल माइकइतका खाली आणतो. ग्राउंड लिफ्ट ऑडिओ केबलची जाळी तोडतो, भिंतीतला अर्थ तसाच राहतो, म्हणून तो सुरक्षित आहे.

तपासणी: टप्पा ५ मधली दोषी पायरी परत करून पाहा. आकडा तिच्या आधीच्या पायरीच्या जवळ आला पाहिजे.

टप्पा ७: गिटारचा स्वतःचा हम

गिटार लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून, खुर्चीतच हळूहळू गोल फिरा. हम वाढत-घटत असेल, एखाद्या दिशेला जवळजवळ नाहीसा होत असेल, तर तो पिकअप हवेतून पकडतोय. केबल किंवा इंटरफेसशी त्याचा संबंध नाही. मॉनिटर, चार्जर, यूपीएस यांच्यापासून दूर सरका, शांत दिशा सापडली की तिथेच खुर्ची ठेवा. जमिनीवर पट्टी चिकटवून जागा पक्की करून घ्या. सिंगल कॉइलच्या दोन पिकअपांमधली स्विचची जागा अनेक गिटारींत हम कापते, ती करून पाहा.

तारांना हात लावल्यावर झर्रर्र थांबतो, काढल्यावर येतो: हे थोड्या प्रमाणात सगळीकडे असतं. फार असेल तर गिटारच्या आतल्या आवरणाचं काम करून घ्यावं लागेल. तारांना हात लावल्यावर आवाज *वाढत* असेल तर ब्रिजची अर्थ वायर तुटली आहे, किंवा आउटपुट जॅकच्या वायरी उलट जोडल्या आहेत.

*सावधान: गिटार धरून माइकला ओठ लावल्यावर झटका बसत असेल तर वाजवणं तिथेच थांबवा. दोन उपकरणांच्या अर्थमध्ये फरक आहे. हे वायरमनचं काम आहे.*

टप्पा ८: लेव्हल

केबलमध्ये शिरणारा हम ठरावीक असतो. तुम्ही प्रोसेसरमधून मोठा सिग्नल पाठवलात तर तो त्याखाली दबतो, लहान पाठवून इंटरफेसचा गेन चढवलात तर हमही बरोबर चढतो. म्हणून प्रोसेसरचा मास्टर पाऊण आणि इंटरफेसचा गेन खालून वर.

सगळ्यात जोरात जे वाजवणार ते वाजवा. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि मीटरचं शिखर -१२ ते -६ डेसिबलमध्ये येईपर्यंतच गेन फिरवा. गेन शून्यावर असूनही लाल लागत असेल तर प्रोसेसरचा मास्टर थोडा उतरवा. वेगवेगळे पॅच वेगवेगळ्या जोराचे असतात. ते पॅचच्या लेव्हलने सारखे करा, इंटरफेसच्या कळीने नको.

आता मूळ पॅच परत लावा आणि गेट शेवटी चालू करा. थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली गेट बंद होतो ती) इतकाच ठेवा की न वाजवताना गप्प बसेल आणि लांब धरलेला स्वर विरताना मध्येच तुटणार नाही. वाजत असताना गेट उघडाच असतो आणि त्याच्यामागचा हम स्वराबरोबर रेकॉर्ड होतो. म्हणून गेट हा आधीच्या सात टप्प्यांना पर्याय नाही.

स्टिरिओ हवं असेल तर दुसरी केबल आता लावा, पहिलीला लगटून, त्याच लांबीची. लावल्यावर दहा सेकंदांची शांतता पुन्हा.

वायरीच टाळायच्या असतील तर

वर उल्लेख केलेल्या प्रोसेसरांपैकी जीटी-१ आणि एचएक्स स्टॉम्प स्वतःच यूएसबी ऑडिओ इंटरफेस म्हणून चालतात. फक्त गिटारच रेकॉर्ड करायची असेल तर वेगळा इंटरफेस बाजूला ठेवा, प्रोसेसर थेट लॅपटॉपला लावा, निर्मात्याचा ड्रायव्हर टाका आणि हेडफोन प्रोसेसरला लावा. मधली अॅनालॉग केबलच नाही, त्यामुळे तिच्यातून हम शिरायचा प्रश्न नाही. पिकअपचा हम अर्थातच राहतो. गाणं आणि गिटार एकदम घ्यायचं असेल तेव्हा मात्र इंटरफेसची वाट धरावीच लागते.

आधीच हमसकट झालेलं रेकॉर्डिंग

पुन्हा वाजवणं शक्य असेल तर पुन्हाच वाजवा. नसेल तर ट्रॅकच्या सुरुवातीचा शांत तुकडा निवडून ऑडॅसिटीत 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा, किंवा व्हॉक्सेंगोचा स्पॅन हा मोफत प्लगइन लावा. टोकं नेमकी कुठे आहेत ते वाचा: ५०, १००, १५०, २००. फक्त दिसतील तेवढ्याच जागी अगदी अरुंद इक्यू काप द्या. ५० हर्ट्झचा काप गिटारला जाणवत नाही, कारण सर्वसाधारण ट्यूनिंगमध्ये गिटारचा सगळ्यात खालचा स्वर ८२ हर्ट्झवर आहे. १०० चा काप मात्र सहाव्या तारेच्या जी आणि जी शार्पच्या मधोमध बसतो, तो जितका रुंद कराल तितके ते दोन स्वर पातळ पडतील. काप चालू-बंद करून त्या दोन पडद्यांवर ऐका आणि कान सांगेल तिथे थांबा.